विचारलं तर मी सांगणार

मी मूळची मिरजेची. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने, आन् माझी आई त्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात आया होती, सगळे तिला मावशी म्हणायचे, पेशंटचं हगणंमुतणं काढणारी. डॉक्टर राउंड घेऊन निघून जायचे, नातेवाईक चहा प्यायला खाली जायचे, आन् जो माणूस चाललाय त्याच्या उशाशी उरायची कोण, तर माझी आई. तिचं एक ठरलेलं होतं, जाणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं नाही. म्हणायची, जित्या माणसाशी खोटं बोललीस तर उद्या जाऊन पाय धरशील, जाणाऱ्याशी बोललीस तर कुठं जाशील पाय धरायला? शाळा सुटली की मी तिच्याकडं जायचो, तिथंच बाकावर बसून अभ्यास करायचो. हां, मी जायचो, करायचो असंच बोलतो बघा, आमच्याकडच्या बायका असंच बोलत्यात. हितं ऑकलंडला आल्यावर पुण्याच्या बायका लई हसल्या मला, बाई असून पुरुषासारखी बोलते म्हणून. हसू देत. मी बदललो नाही. तुम्ही पण लिहिताना बदलू नका.

आन् आणखी एक, ताई, आधीच सांगून ठेवतो. तुम्ही मला विचारलंत हा हॉस्पिसचा, म्हणजे जाणाऱ्याला शेवटपर्यंत सांभाळायचा, धंदा कसा सुरू केलात, तर लोकं अशा ठिकाणी सेवाभाव लिहीत्यात, प्रेरणा लिहीत्यात. तसलं काय घालू नका. मी हा धंदा सूड म्हणून सुरू केला. सूडच लिहा.

लग्न झालं जयसिंगपूरच्या दत्ताशी. मी नर्सिंगचा छोटा कोर्स केल्ता, दत्ता म्हटला बाहेर जाऊया, तर मी स्टुडंट व्हिसावर ऑकलंडला आलो, हेल्थकेअरच्या डिप्लोमाला, आन् दत्ता माझ्या मागनं आला. घरात सगळे हसले, बायको पुढं आन् नवरा मागं. आता तो हितं बस चालवतो, आमच्या भागातल्या, माउंट रॉस्किलमधल्या, निम्म्या म्हाताऱ्यांना नावानं ओळखतो. तेव्हा भाड्याचं घर होतं, हिवाळ्यात भिंतींना पाणी सुटायचं, पांघरूण सकाळी ओलं लागायचं. पण दिवस बरे होते. मी एका वृद्धाश्रमात कामाला लागलो, तिथं आरोहा नावाची माओरी नर्स होती, माझ्यापेक्षा मोठी, जाडजूड, हसली की अख्खी खोली हलायची. तिनं मला सगळं शिकवलं. उशी डोक्याची पायाला लावायची नाही, जेवणाचा ट्रे डोक्यावरनं न्यायचा नाही, ते त्यांच्यात चालत नाही. मी म्हटलं आमच्यात पण चालत नाही. तर म्हटली, स्वीट अॅज, म्हणजे झकास, मग तू निम्मी शिकलेलीच आहेस.

मग शिरीष सर भेटले.

आता त्यांच्या कंपनीचं नाव मी घेणार नाही, माझ्या तोंडाला चव राहत नाही. सर पुण्याचे, हितं आधी आयटीत होते, आन् डोकं लई चालायचं त्यांचं. त्यांनी बघितलं की आपल्या पोरांनी आईबाप हितं आणलेत, आईबाप म्हातारे झालेत, आता ते हितंच जाणार, आन् जाताना त्यांना मराठीत बोलणारं कुणीतरी लागणार. मोठी हॉस्पिसं आहेत हितं, चांगली आहेत, पण आपल्या माणसाला घरीच राहायचं असतं आन् वरणभातच लागतो. तर सरांनी कंपनी काढली, माउंट वेलिंग्टनला ऑफिस घेतलं, आम्ही पोरी घरोघरी जायचो. अंघोळ घालायची, कूस बदलायची, तोंड ओलं करायचं, औषधाच्या पंपावर लक्ष ठेवायचं, नर्सला फोन करायचा. काम माझ्या हाडातलंच होतं. सर म्हणायचे सुवर्णा, तू आपली हिरो आहेस. असंच म्हणायचे, हिरो.

पण आपल्या लोकांची एक रीत तुम्हाला माहितीच आहे. ज्याला आजार त्यालाच सांगायचं नाही. अख्ख्या घराला माहिती, शेजाऱ्याला माहिती, पुण्याला मावशीला माहिती, फक्त पलंगावरच्याला माहिती नाही. त्याला सांगायचं लिव्हरला सूज आहे, अशक्तपणा आहे, उन्हाळा आला की बरं वाटेल. आन् सरांनी ती रीतच कंपनीचा नियम करून टाकली. दारात शिरायच्या आधी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घालायचं. हॉस्पिस हा शब्द घरात काढायचा नाही. कंपनीच्या गाडीवर नाव होतं, तर ती गाडी घरापुढं लावायची नाही, कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, हितं किराणा दुकानाला डेअरी म्हणत्यात, तिथं लावून चालत जायचं, पाऊस असो वारा असो. शेवटी झालं काय, डेअरीपाशी गाडी दिसली की अख्ख्या रॉस्किलला कळायचं आसपास कुणाचं तरी संपत आलंय, आन् ज्याचं संपत आलंय तो आत बसून विचारणार, सुवर्णा, बाहेर ऊन पडलंय का गं.

तर आपटे काका. मास्तर होते, पुण्याला. मुलगा निखिल आन् सून दोघं कामाला जायची, दिवसभर मी आन् काका. काकांना सांगितलं होतं पोटात अल्सर आहे. एकदा सकाळी मी त्यांची दाढी करत होतो, फेस लावलेला, आन् त्यांनी माझं मनगट धरलं, हळूच, आन् विचारलं, सुवर्णा, मी जाणार आहे का गं? माझ्या हातात वस्तरा. मी म्हटलं काका, निखिलला विचारा. तर म्हटले, त्याला विचारलं की तो रडतो आन् खोटं बोलतो, मी तुला विचारतोय. आता तुम्ही सांगा ताई, काय करायचं? मी आईची पोरगी. मी म्हटलं, हो काका. आता फार लांब नाही.

काकांनी मनगट सोडलं. मग म्हटले, बरं, मग दाढी नीट कर. आन् दाढी झाल्यावर म्हटले, नाशिकला माझा भाऊ आहे, कित्येक वर्षं आम्ही बोललो नाही, त्याला फोन लावून दे. मी व्हिडिओ कॉल लावला. दोघं म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडं बघून रडले, मग भांडले, मग हसले. काकांना त्या दिवशी जसं जेवताना बघितलं तसं मी कधी बघितलं नव्हतं, दोनदा आमटी घेतली.

त्याच आठवड्यात काका गेले. जाणारच होते, नर्सनं महिन्याआधीच निखिलला सांगून ठेवलं होतं. पण निखिलनं धरलं, हिनं सांगितलं म्हणून बाबा खचले, नाहीतर अजून राहिले असते. पोरगं दुःखात होतं, त्याचं मी मनावर घेत नाही. सरांचं घेतो. सरांना सगळं माहिती होतं, मी त्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं, आन् फोनवर ते काय म्हटले, बरं केलंस, म्हटले. बरं केलंस! आन् शोकसभेला, रॉस्किलच्या हॉलमध्ये, सगळं मराठी मंडळ जमलेलं, काकांच्या फोटोला हार, तिथं सर उभे राहिले, हात जोडले आन् म्हटले, आमच्या एका बाईकडून अक्षम्य चूक झाली, सुवर्णाला आम्ही आजच काढून टाकलंय, मी तिच्या वतीनं माफी मागतो. मी तिथं मागच्या खुर्चीवर बसलेलो, ताई. काढल्याचं मला त्या हॉलमध्ये कळलं, सगळ्यांबरोबर. अख्ख्या हॉलनं मान वळवली.

त्यानंतर काय काय ऐकलं म्हणून सांगू. पांढऱ्या पायाची. तोंडानं मारणारी. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं मंडळाचं, मी गेलो, का नाही जायचं, मी काय चोरी केल्ती? ओळीत बसलो. कुंकवाचं ताट माझ्या शेजारणीपर्यंत आलं, आन् माझ्या पलीकडच्या बाईकडं गेलं. मला ओलांडून. माझा नवरा जिवंत, बाहेर गाडीत बसलेला, आन् मला ओलांडून. मी उठलो, चपला घातल्या आन् बाहेर आलो. दत्तानं विचारलं एवढ्या लवकर? मी म्हटलं गाडी काढ. माझी पोरगी रेवा मागं बसलेली, ती म्हटली, मम, जस्ट लेट इट गो. हितं जन्मलेल्या पोरांना सगळंच सोडता येतं. मला नाही येत. मी गाडीतच ठरवलं की माझं नाव ज्या तोंडानं घाण केलं त्याच तोंडानं ते धुवायला लावीन.

आरोहा तेव्हा रिटायर झाल्ती. तिच्याकडं गेलो, म्हटलं माझ्याबरोबर कंपनी काढ, तुझं नर्सचं लायसन, माझे हात. तिनं चहा केला, विचारलं, हे तू लोकांसाठी करतेस की त्या माणसासाठी? मी म्हटलं त्या माणसासाठी. मला वाटलं आता नाही म्हणणार. तर ती म्हटली, आमच्यात उटू म्हणून एक शब्द आहे, घेतलेल्याची फेड, चांगल्याची पण आन् वाईटाची पण, फेड व्हायला लागते, नाहीतर माणूस वाकडा होतो. चल, काढू.

आन् काढली. नाव काय ठेवायचं, दत्ता म्हटला छाया ठेव, सावली ठेव. मी म्हटलं नाही. माझंच नाव. गाडीवर हा एवढा मोठा सुवर्णा रंगवला, मराठीत आन् इंग्लिशमध्ये, खाली होम हॉस्पिस, पिवळ्याजर्द रंगात, लांबून दिसावा असा. आन् ऑफिस घेतलं माउंट वेलिंग्टनला, सरांच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये. त्यांच्या खिडकीतनं रोज माझी पाटी दिसावी म्हणून घेतलं, दुसरं काय कारण नव्हतं. ते ऑफिस थंडगार होतं, पार्किंग वाईट होतं.

नियम दोनच. गाडी घरापुढं ड्राइव्हवेमध्ये लागणार. आन् आम्ही आपणहून कुणाला काय सांगणार नाही, पण जाणाऱ्या माणसानं स्वतः विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे पहिल्याच भेटीत सांगायचो. आपले लोक चहा पण न देता वाटेला लावायचे. सुरुवातीला माझ्याकडं सामोअन आले, फिजीतले गुजराती आले, एक गोरा म्हातारा आला, तो तर मला विचारायचा, सुवर्णा, अजून मेलो नाही का मी? आन् स्वतःच हसायचा. मराठी एक पण नाही.

पहिली मराठी आली ती कुलकर्णी आजी. तिनं स्वतः फोन केला, पोरांना न सांगता. म्हटली, अगं, मला सगळं माहितीय, मी काय खुळी आहे का, पण पोरं नाटक करतात म्हणून मी पण नाटक करते, आन् मी दमलेय गं ह्या नाटकाला, तू ये. मी गेलो, पोरांपुढं आजीनं मला मोठ्यानं विचारलं, मी मोठ्यानं सांगितलं, आन् ती पोरं जी रडायला लागली आईच्या मांडीवर पडून, जे त्यांना इतके दिवस स्वयंपाकघरात जाऊन करायला लागत होतं. आजी त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. तिथनं मग फोन यायला लागले. आधी कुजबुजत, मग उघड.

मग सरांच्या पोरी एकेक करून माझ्याकडं आल्या. मी बोलावल्या म्हणा, कशाला खोटं बोलू. गाडी डेअरीपाशी लावून पावसात चालायला कुणाला आवडतं? वर्ष-दीड वर्षात सरांचं ऑफिस अर्धं झालं, मग बंद झालं. पाटी उतरवायला माणसं आली तेव्हा मी खिडकीत खुर्ची घेऊन बसलो. हातात चहा. लई गोड लागला, ताई, तुम्हाला खोटं वाटेल, साखर घालायला विसरलो होतो तरी.

पण तेवढ्यानं माझं नाव धुतलं जात नव्हतं. धंदा बुडवला म्हणजे काय, लोक म्हणणार हुशार आहे. अक्षम्य चूक म्हटलेलं तसंच होतं.

मागच्या हिवाळ्याच्या आधी मेघना मॅडमचा फोन आला. सरांची बायको. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. रडत म्हटल्या, मराठीत बोलणारं दुसरं कुणीच उरलं नाही. मी मनात म्हटलं, उरू दिलं नाही. उघड म्हटलं, माझे नियम तुम्हाला माहितीच आहेत. म्हटल्या हो, पण त्याला वाटतंय पुढच्या महिन्यात केमो सुरू होणार, प्लीज. मी म्हटलं त्यांनी विचारलं नाही तर मी बोलणार नाही. आन् गाडी? गाडी ड्राइव्हवेमध्येच लागणार. दत्ता म्हटला दुसऱ्या पोरीला पाठव. मी म्हटलं नाही, मीच जाणार, मला बघायचंय.

गेलो. पिवळी गाडी दारात लावली, दिवसभर येणारेजाणारे बघत होते. सर पलंगावर, निम्मे झालेले. मला बघितलं आन् भिंतीकडं तोंड केलं. मी हितल्या रीतीनं नमस्कार केला, म्हटलं किया ओरा सर, अंघोळीची वेळ झाली.

काय सांगू तुम्हाला, मला वाटलं होतं विचारतील. मी उत्तर इतकी वर्षं तोंडात धरून बसलेलो. आन् सर विचारेनातच! ऊन विचारायचे, मॅचचा स्कोअर विचारायचे, फिजोआची फळं पडलीत का बागेत हे विचारायचे, तेवढं सोडून सगळं. त्यांना पक्कं माहिती होतं, विचारलं की मी सांगणार. आन् मला माझाच नियम, न विचारता सांगता येत नाही. रोज सकाळी दाढी करताना आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यात बघायचो. एकदा म्हटले, केमोची तारीख कळली का? मी म्हटलं सर, तुम्ही मला तारीखच विचारताय ना? खिडकीकडं बघत म्हटले, हो, तारीखच. म्हटलं, मग ती मॅडमना विचारा.

मग एक दिवस पाऊस लागलेला, मी त्यांचे पाय चोळत होतो, आन् एकदम म्हटले, आपटेंनी काय विचारलं होतं तुला? नेमके शब्द काय होते? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं बघा त्यांनी. मी सांगितलं. सर म्हटले, मग माझं पण तेच समज. मी म्हटलं नाही सर. दुसऱ्याचे शब्द नकोत, तुमचे तुम्ही विचारा. आन् एकट्याला मी सांगणार नाही. तुम्ही माझं नाव अख्ख्या हॉलपुढं घेतलं होतंत, निदान बायकोपोरापुढं तरी विचारा. माझा आवाज चढला होता. हो, आजारी माणसावर चढला होता. मेघना मॅडमना बोलावलं, पोराला बोलावलं. मॅडम हात जोडायला लागल्या, मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

सर म्हटले, सुवर्णा, मी मरतोय का?

मी म्हटलं, हो सर. केमो नाहीये. काही आठवडे आहेत, कदाचित तेवढेही नाहीत.

पोरगं बापाच्या छातीवर पडलं. मॅडम मला म्हटल्या, चालती हो. सर म्हटले, नाही, ती राहील.

आन् त्या संध्याकाळी गाडीत बसलो, ताई, पण गाडी चालू केली नाही. कारण मला कळलं की आता हा माणूस ह्या आठवड्यात गेला तर परत तेच. अख्खं मंडळ म्हणणार, बघा, पुन्हा हिनं सांगितलं आन् पुन्हा माणूस गेला. तेव्हा माझं सगळं आयुष्य त्या माणसाच्या श्वासावर येऊन ठेपलं. ज्याचं वाटोळं व्हावं म्हणून मी कंपनी काढली, त्याला मला आता जगवायला लागणार होतं. मग मी जी बसलो त्याच्या उशाशी, कुठल्या पेशंटला केलं नाही तसं केलं. पेज चमच्यानं, घोटघोट. पाठीला एक फोड येऊ दिला नाही. दुखायला लागायच्या आत नर्सला बोलवायचो, आरोहा स्वतः यायची. सकाळी दार उघडून आधी छाती हलते का बघायचो, आन् हलताना दिसली की म्हणायचो, जग मेल्या, जग, माझ्यासाठी जग. मनात. एकदा तोंडातनं पण निघालं वाटतं, कारण सर डोळे न उघडता हसले.

आठवडा गेला. पुढचा गेला. सरांनी पोराला जवळ बसवून गाडी शिकवतात तसं सगळं घर शिकवलं, काय कुठं आहे, आईची काळजी कशी घ्यायची. मॅडम माझ्याशी बोलायला लागल्या. महिना होत आला तेव्हा मंडळाचे लोक भेटायला आले, अध्यक्ष, चार-सहा बायका, त्यात मला ओलांडून कुंकवाचं ताट नेणारी पण होती. सगळे म्हणायला लागले सर, लवकर बरे व्हा. तेव्हा सरांनी हात वर केला आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, मी बरा होणार नाही, हे मला हिनं महिन्यापूर्वी सांगितलंय, ऐकून मी मेलो नाही, आपटे पण ऐकून मेले नव्हते, आन् ते मला तेव्हाच माहिती होतं.

मी पाण्याचा पेला धरून उभा होतो. मला वाटलं आता पुढं माफी येणार. मी थांबलो. सरांनी पेला मागितला, पाणी प्यायले आन् म्हटले, उशी जरा वर घे.

माफी आलीच नाही. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळच्या उन्हात, अंघोळ घातल्यावर गेले. डोळे मी मिटले.

तेव्हापासून मंडळात मला लई मान आहे. हळदीकुंकवाला आता पहिली खुर्ची देत्यात, मी जात नाही. लोकांना वाटतं मी शेवटी मोठ्या मनानं माफ केलं त्याला, महिनाभर सेवा केली म्हणून. तुम्ही पण ऐकताना मान हलवत होता मघाशी, म्हणून सांगतो. मी माफ केलं नाही. त्यानं माफी मागितली नाही, मी दिली नाही, आन् आम्हा दोघांना ते माहिती होतं. त्याला मी चांगलं मरण दिलं, त्यानं मला माझं नाव दिलं. आरोहा म्हणते फेड झाली. झाली असंल. राग मात्र आहे, चांगला धडधाकट आहे, त्याच्यावरच तर एवढी माणसं कामाला लागली माझ्याकडं.

बस, एवढंच. निघा आता, पाऊस थांबलाय तोवर. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो, ताई, तुमच्या घरादाराला सुखात ठेवो. आन् कधी माझी गाडी तुमच्या दारात लागलीच, तर विचारताना नीट विचार करून विचारा. मी सांगणार.